नवा स्मार्टफोन घेताना: रेंज, सिम आणि खासगीपणा यांचा क्रमवार विचार

बहुतेक घरांत फोनची खरेदी उलट्या क्रमाने होते. आधी कॅमेरा आणि किंमत पाहिली जाते, मग हप्ता ठरतो, हाताशी असेल ते सिम त्यात बसते, आणि खासगीपणाच्या सेटिंगकडे काही गैरप्रकार घडल्यानंतरच लक्ष जाते. या लेखात तो क्रम मुद्दाम बदलला आहे. फोन चार-पाच वर्षांत बदलतो. नंबर मात्र पंधरा-वीस वर्षे तोच राहतो, आणि बँकेचे ओटीपी, यूपीआय, आधार, गॅसची नोंदणी, मुलांच्या शाळेचे निरोप हे सगळे त्याच नंबरावर येते. म्हणून आधी नेटवर्क ठरवावे, त्या नेटवर्कला साजेसा फोन निवडावा, नंबर आपल्या ताब्यात पक्का करावा आणि त्यानंतर फोनमधल्या परवानग्यांकडे वळावे.

रेंज कुठे हवी आहे ते आधी लिहून काढा

कागद घेऊन ज्या ठिकाणी फोन चाललाच पाहिजे अशी चार-पाच ठिकाणे लिहावीत: घरातील आतली खोली, कामाची जागा, रोजचा प्रवास, गावाकडचे घर, आईवडील राहतात ते ठिकाण. शहरातील ओळखीच्या माणसाचा ‘आमच्याकडे उत्तम चालते’ हा अनुभव संगमेश्वरच्या किंवा धारणीच्या घरासाठी उपयोगाचा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, सेवा दर्जाविषयीच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर सेवेचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. ते नकाशे जरूर पाहावेत. मात्र नकाशा उघड्यावरची स्थिती दाखवतो, घराच्या आतली नाही. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, पत्र्याचे छप्पर, डोंगराच्या कुशीतली वाडी यांचा परिणाम नकाशात दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या पाहुण्याचा किंवा शेजाऱ्याचा फोन हातात घेऊन आतल्या खोलीतून एक कॉल लावून पाहणे आणि तिथेच इंटरनेटचा वेग तपासणे ही सगळ्यांत भरवशाची चाचणी आहे. ती सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करावी, कारण रात्री टॉवरवरचा ताण वाढलेला असतो.

इथे तरंगलहरींचा थोडा विचार करावा लागतो, कारण फोनची निवड त्यावर अवलंबून आहे. कमी वारंवारितेच्या लहरी, उदाहरणार्थ ७०० मेगाहर्ट्‌झ, दूरवर जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वेग जास्त देतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो आणि भिंतीपाशी त्या बऱ्याच क्षीण होतात. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. जिओकडे ३३०० मेगाहर्ट्‌झच्या जोडीला ७०० मेगाहर्ट्‌झचाही पट्टा (बँड) आहे आणि तिचे ५जी स्वतंत्र यंत्रणेवर चालते. एअरटेलने ५जीची सुरुवात ४जीच्या आधारावर केली. व्होडाफोन आयडियाने मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून आरंभ केला. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी सेवेचे औपचारिक उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. फोनच्या माहितीपत्रकात हे पट्टे ‘एन७८’ (३३०० मेगाहर्ट्‌झ), ‘एन२८’ (७०० मेगाहर्ट्‌झ) अशा खुणांनी लिहिलेले असतात. एन७८ भारतात विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक ५जी फोनमध्ये मिळतो, परंतु जिओचे ५जी घरात नीट हवे असेल तर एन२८ आहे का ते पाहावे. बीएसएनएल वापरायचे असेल तर ४जीच्या यादीत पट्टा १ आणि पट्टा २८ शोधावेत. जिओच्या जाळ्यात २जी किंवा ३जी मुळातच नाही, त्यामुळे तेथे साधा कॉलही ४जी किंवा ५जीवरूनच जातो; ज्या फोनमध्ये ही सोय नसेल तो त्या सिमवर कॉलसाठी निरुपयोगी ठरतो.

दोन सिमच्या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणे हा ग्रामीण भागातील सर्वांत व्यवहार्य उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे. एका सिमवर नेहमीचा प्लॅन आणि दुसऱ्यावर फक्त नंबर चालू राहील एवढाच रिचार्ज, अशी विभागणी केली तर टॉवर बंद पडलेल्या दिवशीही संपर्क तुटत नाही.

फोन निवडताना

दुकानातील फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आकडे बहुधा सर्वांत कमी महत्त्वाचे असतात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि साठवणुकीतून उसना घेतलेला ‘आभासी रॅम’ यांपेक्षा एक प्रश्न अधिक मोलाचा आहे: या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार आहेत? ज्या फोनचे सुरक्षा अपडेट थांबले आहेत त्याच्यातील उघडकीला आलेल्या त्रुटी मग कधीच बुजवल्या जात नाहीत, आणि त्याच फोनवर आपण बँकेचे व्यवहार करत राहतो. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे. सॅमसंगने ए१६ ५जी या तुलनेने स्वस्त फोनलाही सहा वर्षांची हमी दिली. ॲपलचे फोन पाच वर्षांहून अधिक काळ अपडेट घेत आले आहेत. याउलट अनेक स्वस्त फोनांना दोन किंवा तीनच वर्षे मिळतात. ही मुदत फोन बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आपण तो घेतल्याच्या दिवसापासून नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळत असेल तर उरलेली वर्षे मोजावीत आणि किंमत त्या वर्षांनी भागून पाहावी. बारा हजारांचा फोन तीन वर्षे चालला तर वर्षाला चार हजार पडतात. अठरा हजारांचा सहा वर्षे चालला तर तीनच हजार.

बाकीच्या बाबी लवकर ठरवता येतात. सर्वसाधारण वापरासाठी ६ ते ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण पुरते; साठवण यूएफएस प्रकारची असावी, कारण ईएमएमसी या संथ प्रकारची साठवण असलेला फोन वर्ष-दोन वर्षांत मंदावल्याचे लवकर जाणवते. उन्हातान्हात, शेतात किंवा फिरतीवर काम असेल तर पडद्याची उजळता दुकानाबाहेर येऊन भर उन्हात पाहावी. कोकणातल्या पावसात वावरणाऱ्यांनी पाणीरोधकतेचा आयपी दर्जा विचारावा. पण पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट लोक विचारायला विसरतात: त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का? गडचिरोलीतील माणसाला पडदा बदलण्यासाठी नागपूर गाठावे लागणार असेल तर तो खर्च आणि ती खेप फोनच्या किमतीतच धरायला हवी.

किरणोत्सर्गाविषयी बरीच भीती पसरवली जाते, म्हणून एवढेच सांगतो की भारतात फोनसाठी शोषण दराची (शरीर फोनच्या लहरींची ऊर्जा किती शोषते त्याची), म्हणजे ‘सार’ची, मर्यादा १ ग्रॅम ऊतीवरील सरासरीने किलोग्रॅममागे १.६ वॅट इतकी आहे आणि *#०७# दाबले की अनेक फोन स्वतःचा आकडा दाखवतात.

अमेरिकेतील नातेवाईक आयफोन आणणार असतील तर दोन गोष्टी आधीच कळवाव्यात. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांमध्ये सिम घालण्याची खाच नसते, त्यामुळे इथे ई-सिमच, म्हणजे फोनमध्येच असलेले, कार्डाशिवाय चालू होणारे सिम, घ्यावे लागते. शिवाय तेथील कंपन्या हप्त्यावर दिलेला फोन आपल्याच नेटवर्कला बांधून ठेवतात. सेटिंगमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ या भागात ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले असेल तरच तो फोन भारतातील सिमवर चालेल. भारतात फोन असे बांधून विकण्याची पद्धत रुळलेली नाही, ही इथल्या ग्राहकासाठी खरोखर चांगली बाब आहे.

खरेदीच्या दिवशी

फोनचे खोके आपल्या समोर उघडायला सांगावे. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक, खोक्यावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. त्यानंतर ‘केवायएम’ ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक टाकून १४४२२ वर संदेश पाठवावा. हीच तपासणी दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरही करता येते. क्रमांक ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असल्याचे उत्तर आले तर तो फोन घेऊ नये. जुना फोन विकत घेताना तर ही तपासणी पैसे देण्याआधीच झाली पाहिजे. आयएमईआय क्रमांकात फेरफार करणे हा दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे, आणि असा फोन अजाणतेपणी जरी हातात आला तरी पोलिसांच्या चौकशीचा ससेमिरा आपल्यामागे लागतो.

पक्के बिल न घेता ‘हजार रुपये कमी करतो’ हा प्रस्ताव स्वीकारू नये. फोनवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिल नसेल तर वॉरंटी, विमा आणि चोरीची तक्रार या तिन्ही वेळी अडचण येते. ‘बिनव्याजी हप्ता’ घेताना दोन आकडे विचारावेत: प्रक्रिया शुल्क किती, आणि व्याजाइतकी सूट दिली जात असली तरी त्या व्याजावरचा जीएसटी कोण भरणार. बहुतेक वेळा तो ग्राहकालाच भरावा लागतो. कागदपत्रे न पाहता जागेवर कर्ज देणाऱ्या काही योजनांत फोनमध्ये असे ॲप बसवले जाते, जे हप्ता चुकल्यास फोन कुलूपबंद करते. सही करण्यापूर्वी असे ॲप आहे का, ते कोणत्या परवानग्या घेते आणि शेवटचा हप्ता फेडल्यावर ते कसे काढले जाते, हे लेखी मागावे.

दुकानदाराला फोन ‘चालू करून’ देऊ देऊ नये. गूगल किंवा ॲपल खाते, पासवर्ड आणि पडद्याचे कुलूप हे सर्व घरी जाऊन स्वतः तयार करावे. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये दुकानातल्या मुलाने स्वतःच्या सोयीने उघडलेले खाते आणि त्यालाच ठाऊक असलेला पासवर्ड, हा प्रकार फार सर्रास आढळतो, आणि तो निस्तरणे पुढे अवघड होऊन बसते.

प्लॅन आणि पोर्टिंग

रिचार्जची तुलना महिन्याच्या नव्हे, वर्षाच्या हिशेबाने करावी. २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये वर्षाला १२ नव्हे तर १३ वेळा रिचार्ज करावा लागतो. ट्रायच्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक प्लॅन ठेवणे भाग आहे. ते जाहिरातीत दिसत नाहीत, म्हणून मागून घ्यावे लागतात. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएस देणारे प्लॅन देणेही कंपन्यांवर बंधनकारक झाले आणि अशा प्लॅनची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरी वायफाय असलेल्या किंवा साधा फोन वापरणाऱ्या आजीआजोबांसाठी, तसेच दुसऱ्या सिमसाठी, हाच प्लॅन योग्य आहे. फुकट म्हणून जोडून दिलेल्या चित्रपट-मालिकांच्या सेवा आपण खरोखर पाहतो का, हे विचारूनच त्यांचे मूल्य धरावे.

सध्याच्या कंपनीची रेंज किंवा वागणूक पटत नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा, म्हणजे पोर्ट करण्याचा, अधिकार देशभरात जानेवारी २०११ पासून आणि एका परिमंडळातून दुसऱ्या परिमंडळात जाण्याचा अधिकार जुलै २०१५ पासून आहे. आपल्याकडे मुंबई हे एक परिमंडळ असून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे आहे. कृती अशी: ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर टाकावा आणि तो संदेश १९०० वर पाठवावा. प्लॅनमध्ये एसएमएसची सोय नसली तरी हा संदेश कंपनीला अडवता येत नाही. अटी पूर्ण होत असतील तर आठ अक्षर-अंकांचा संकेत येतो आणि तो आपल्या राज्यात चार दिवस चालतो. त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दालनात ओळखपत्रासह जाऊन नवे सिम घ्यावे. त्याच परिमंडळात तीन आणि परिमंडळाबाहेर पाच कामकाजी दिवसांत नंबर हलतो. ज्या रात्री तो हलतो त्या वेळी काही तास सेवा बंद राहते. विचार बदलला तर नव्या कंपनीकडे अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत ‘कॅन्सल’ हा शब्द आणि नंबर १९०० वरच पाठवून अर्ज मागे घेता येतो.

संकेत नाकारला जाण्याची कारणे ठरलेली आहेत: सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले नसणे, पोस्टपेडचे बिल थकलेले असणे, मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असणे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार गेल्या सात दिवसांत सिम बदललेले असणे. शेवटचा नियम चोरट्यांनी दुसऱ्याच्या नावाने सिम काढून लगेच नंबर पळवू नये म्हणून आहे, त्यामुळे त्याचा त्रास वाटून घेऊ नये. पोर्ट केल्यावर शिल्लक प्रीपेड रक्कम आणि मुदत वाया जाते हे लक्षात घेऊन जुना प्लॅन संपत आला असतानाच अर्ज करावा. अर्ज केल्यावर जुन्या कंपनीचे ‘खास तुमच्यासाठी’ सवलत देणारे कॉल येतात. ज्या कारणासाठी निघालो ते कारण रेंजचे असेल तर सवलतीने टॉवर जवळ येत नाही, एवढे ध्यानात ठेवले तर निर्णय सोपा होतो.

नंबर आपल्या नावावर आणि आपल्या ताब्यात

ही पायरी फोनच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची आहे. संचार साथीवरील ‘टॅफकॉप’ या सुविधेत आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर असलेल्या सर्व जोडण्यांची यादी दिसते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ असे नोंदवावे. एका व्यक्तीच्या नावावर देशभरात जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहा आहे. मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वेळी ५० हजार आणि त्यानंतर दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे दुकानदाराने ‘एकदा नीट आले नाही’ म्हणून दुसऱ्यांदा अंगठा किंवा छायाचित्र मागितले, तर पहिला अर्ज रद्द झाल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय ते देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मोबाइल नंबर आधारशी जोडण्याची सक्ती रद्द केली, म्हणजे इतर वैध ओळखपत्रावरही सिम मिळू शकते. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चार अंकच दिसणारी झाकलेली प्रत द्यावी.

अनेक घरांत नंबर दिवंगत वडिलांच्या किंवा विभक्त झालेल्या भावाच्या नावावर चालू असतो. ज्याच्या नावावर सिम, त्यालाच नवे सिम काढण्याचा अधिकार, म्हणून फोन हरवल्याच्या दिवशी ही गोष्ट फार महागात पडते. मृत्यूचा दाखला आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दालनात जावे आणि नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यावा.

त्यानंतर सिमला पिन लावावा. हे फोनच्या कुलुपापेक्षा वेगळे आहे: चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय ते चालत नाही, आणि तुमचे ओटीपी त्याच्या हाती जात नाहीत. मूळ पिन कोणता ते आधी कंपनीला विचारून घ्यावे, कारण तीन वेळा चुकीचा टाकल्यास सिम अडकते आणि ते उघडण्यासाठी कंपनीकडून पीयूके क्रमांक मागावा लागतो. ई-सिम काढून नेता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. मात्र ‘तुमचे ई-सिम करून देतो’ असे सांगणारा कॉल आपणहून आला तर तो फसवणुकीचाच समजावा. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणून बँकेचा महत्त्वाचा व्यवहार त्या दिवशी ठेवू नये. आणि कोणतेही कारण नसताना फोनची रेंज अचानक पूर्ण गेली व शेजारच्या त्याच कंपनीच्या फोनला ती असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावे.

कंपनीला काय कळते आणि ॲपला काय कळते

खासगीपणाविषयी बोलताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. तुम्ही कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरच्या कक्षेतून कॉल केला, याची नोंद दूरसंचार कंपनीकडे असते. परवान्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन वर्षे जपून ठेवणे तिला बंधनकारक आहे. फोनमधील कोणत्याही सेटिंगने ही नोंद थांबत नाही. ॲप मात्र तुम्ही दिलेल्या परवानगीपुरतेच पाहू शकते, म्हणून आपला खरा अधिकार तिथे चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्व नव्या फोनांत संचार साथी ॲप आधीच बसवून देण्याचा आदेश निघाला होता आणि नागरिकांच्या विरोधानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तो मागे घेतला गेला. हे संकेतस्थळ उपयोगी आहे, आणि सक्ती मागे घेतली गेली हेही योग्यच झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नव्या फोनवर पहिल्याच संध्याकाळी शांतपणे बसून ही कामे करावीत. सेटअप चालू असताना ‘वापराची माहिती पाठवा’, ‘वैयक्तिक जाहिराती’ यांसारख्या खुणा काढून टाकाव्यात. पुढे गेल्यावर त्या शोधणे कठीण असते. अँड्रॉइडच्या गूगल सेटिंगमधील जाहिरातींच्या भागात जाहिरात ओळख क्रमांक पुसता येतो. आयफोनवर ॲपने मागोवा घेण्याची परवानगी मागितली की नकार द्यावा. कुलूपबंद पडद्यावर बातम्या आणि जाहिराती दाखवणारी सोय बंद करावी, आणि न लागणारी आधीपासूनची ॲप काढता येत नसतील तर निष्क्रिय करावीत.

मग परवानग्या. अँड्रॉइड १२ पासून ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण वापरले ते दिसते. हवामानाच्या ॲपला अंदाजे ठिकाण पुरते. टॅक्सीच्या ॲपला अचूक ठिकाण लागते, पण फक्त वापर चालू असताना. संपर्क यादीची परवानगी देताना सर्वाधिक विचार करावा, कारण ती देताना आपण केवळ स्वतःची नव्हे तर शेकडो लोकांची माहिती त्यांना न विचारता देऊन टाकतो. अनोळखी कॉलरचे नाव दाखवणारी ॲप आणि झटपट कर्ज देणारी ॲप ही परवानगी आग्रहाने मागतात. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक सूचनांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला संपर्क यादी, कॉलच्या नोंदी, फाइल्स यांना हात लावण्यास मनाई आहे. म्हणजे जे ॲप ती मागते ते नियम मोडते आहे, एवढे कारण ते काढून टाकण्यास पुरेसे आहे. ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी तर ॲपला पडदा वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणे दाबण्याची मुभा देते. अपंगत्वासाठी खरोखर लागणाऱ्या ॲपखेरीज ती कोणालाही देऊ नये. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलन किंवा बँकेची केवायसी म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडल्यावर ती हीच परवानगी आणि एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते, एपीकेच्या रूपात कधीच येत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

नकोसे कॉल आणि संदेश थांबवण्यासाठी १९०९ वर कॉल करून किंवा कंपनीच्या ॲपमधून पूर्ण बंदीची नोंद करावी. २०२५ पासून व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’. बँकेच्या नावाने आलेला संदेश साध्या दहा अंकी नंबरावरून आला असेल तर त्यातील दुव्याला हात लावू नये. नोंद करूनही त्रास झाला तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. फोनमधील कॉल फॉरवर्डिंगची सेटिंगही अधूनमधून पाहावी. तिथे अनोळखी नंबर दिसला तर तुमचे कॉल दुसरीकडे वळत आहेत.

कंपनीशी तक्रार करताना

न मागितलेली सेवा सुरू होऊन पैसे कापले गेले तर १५५२२३ वर कॉल किंवा संदेश करून ती बंद करता येते. इतर तक्रारींसाठी १९८ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतून बोलण्याचा पर्याय मागावा आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये, कारण त्या क्रमांकाशिवाय पुढची दारे उघडत नाहीत. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करावे. त्याचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित असते. ट्राय नियम करते, परंतु वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नये. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. प्रत्येक टप्प्यावर तारीख, वेळ, बोललेल्या व्यक्तीचे नाव आणि पडद्याची छायाचित्रे एका जागी ठेवावीत. पैसे लुबाडले गेले असतील तर मात्र या क्रमाची वाट न पाहता तत्काळ १९३० वर कॉल करावा.

जुना फोन आणि जुना नंबर

नवा फोन हाती आल्याबरोबर जुना देऊन टाकू नये. आठवडाभर दोन्ही जवळ असावेत. यूपीआयची ॲप सिम ज्या फोनमध्ये असेल त्याच फोनवर नोंदणी करतात, म्हणून सिम हलवल्यावर ती नव्याने सुरू करावी लागतात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला पासवर्ड लावून तो कागदावर लिहून ठेवावा. हे सर्व चालल्याची खात्री झाल्यावर जुन्या फोनमधील गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडावे, मेमरी कार्ड काढावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केला तर पुढच्या माणसाला तो फोन वापरता येत नाही. विकताना खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घेऊन आयएमईआय क्रमांक लिहिलेली पावती करावी. फोन चोरीला गेला असेल तर पोलिसांत तक्रार देऊन, तीच नोंद व बिल जोडून संचार साथीवरील सीईआयआर सुविधेत आयएमईआय बंद करावा. सापडल्यावर तो तिथूनच पुन्हा चालू करता येतो.

एखादा नंबर कायमचा सोडायचा असेल तर तो नुसता रिचार्ज न करता मरू देऊ नये. साधारण ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होतो आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमच्या बँकेचे संदेश मग त्याच्याकडे जाऊ लागतात. सोडण्यापूर्वी बँक, आधार, पॅन, भविष्य निर्वाह निधी, डिमॅट खाते, विमा, गॅस, वीज मंडळ, ईमेल आणि व्हॉट्सॲप या प्रत्येक ठिकाणी नवा नंबर लावावा, सगळीकडून नव्या नंबरावर एकेक ओटीपी येतो याची खातरजमा करावी, आणि शेवटी कंपनीच्या दालनात जाऊन जुनी जोडणी बंद केल्याची लेखी पोच घ्यावी.